ग्लासगोच्या कॉलेजातील एक खोली

जेम्स वॅट आणि चहाची किटली ही गोष्ट आम्ही शाळेत असताना वाचली आणि पुढे आमच्या मुलांनाही सांगितली. किटलीचे झाकण वाफेने थडथडते, मुलगा टक लावून पाहत बसतो, आणि एवढ्यातून वाफेचे यंत्र जन्मास येते! गोष्ट गोड आहे, पण वॅटच्या जन्मापूर्वी चोवीस वर्षे, म्हणजे १७१२ सालीच, न्यूकोमेनचे यंत्र इंग्लंडातील खाणींचे पाणी वाफेच्या साहाय्याने उपसू लागले होते, ही अडचण तिला पार करता येत नाही. वॅटने वाफेचे यंत्र शोधून काढले नाही. त्याने ते सुधारले. आणि ही सुधारणा त्यास सुचली ती आईच्या स्वयंपाकघरात नव्हे, तर एका विद्यापीठाने त्यास कामासाठी दिलेल्या जागेशी जडलेल्या वर्षांत.

हल्ली आमच्याकडील विद्यापीठांतून विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या नवकल्पनांस, तसेच उद्योजकतेस, उत्तेजन देण्यासाठी स्वतंत्र केंद्रे निघत आहेत. उद्घाटने होतात, भाषणे होतात, समित्या नेमल्या जातात. त्यांविषयी आमचे काही म्हणणे नाही. अशा एकदोन समित्यांवर आम्हीही बसलो आहो. परंतु नव्या कल्पनेस विद्यापीठ नेमके काय देऊ शकते, हा प्रश्न तेथे क्वचितच विचारला जातो. ग्लासगोची हकीकत त्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे.

वॅट १७३६ साली ग्रीनॉक या बंदरगावी जन्मला. गणितोपयोगी उपकरणे करण्याची विद्या शिकण्यासाठी तो १७५५ साली लंडनास गेला. त्या धंद्यात सात वर्षे उमेदवारी करण्याची रीत होती. ह्याने वीस गिनी भरून ती एका वर्षात उरकली आणि प्रकृती बिघडल्यामुळे तो स्कॉटलंडास परतला. ग्लासगो शहरात दुकान मांडावे, तर तेथील लोहारकाम करणाऱ्यांच्या श्रेणीने त्यास मज्जाव केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हा नगरीचा रहिवासी नव्हे, आणि उमेदवारीही पुरती केलेली नाही, हे कारण. चरित्रकारांनी ह्या प्रसंगास थोडा रंग चढविला असावा असा आम्हांस संशय आहे; कारण १७५९ साली तोच वॅट एका भागीदाराबरोबर शहरात दुकान चालविताना दिसतो. ते काही असो, १७५७ साली विद्यापीठाने त्यास आपल्या आवारात, जेथे श्रेणीचा हुकूम चालत नसे, एक खोली दिली आणि 'विद्यापीठाचा गणितोपकरणकार' असे म्हणवून घेण्याची मुभा दिली.

ह्या उदारपणास एक निमित्त होते. जमेकात संपत्ती मिळविलेल्या अलेक्झांडर मॅकफार्लेन ह्या व्यापाऱ्याने ज्योतिषाची उपकरणे विद्यापीठास ठेवली होती. समुद्रप्रवासात ती गंजली. ती स्वच्छ करण्याचे काम वॅटने केले आणि त्यास पाच पौंड मिळाले. जमेकातील ती संपत्ती गुलामांच्या श्रमांतून उभी राहिली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. गुलामगिरीच्या पैशाने आपला लाभ झाला, हे ग्लासगो विद्यापीठाने २०१८ साली स्वतःचा अहवाल काढून मान्य केले. वॅटच्या बापाचा व्यापारही वसाहतींशी होता. विद्येच्या मंदिराचे दगड कोठून आले, हा प्रश्न अडीचशे वर्षांनी का होईना, विचारला गेला हे बरेच झाले.

कारागिरास आवारात जागा देणे ही त्या विद्यापीठात नवलाची गोष्ट नव्हती. रॉबर्ट फौलिस हा १७४३ पासून विद्यापीठाचा मुद्रक होता. त्याने छापलेला होमर सुबकपणाबद्दल आजही वाखाणला जातो. त्या होमरची अक्षरे ओतणारा अलेक्झांडर विल्सन हा तर १७६० साली ज्योतिषाचा प्राध्यापक झाला! अक्षरे ओतणाऱ्या माणसास प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसविण्याचे धैर्य आमच्या किती विद्यापीठांत निघेल, हे वाचकांनीच ठरवावे. ॲडम स्मिथ त्या वेळी तेथे नीतिशास्त्र शिकवीत होता. उमेदवारीच्या जाचक नियमांवर पुढे १७७६ साली त्याने आपल्या ग्रंथात जी कडक टीका केली, ती लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे ह्या मुलाचे दुकान होते की काय, अशी कल्पना करण्याचा मोह होतो. पण ती कल्पनाच.

खोलीत धंदा बेताचाच होता. परंतु तेथे माणसे येत. जॉन रॉबिसन हा विद्यार्थी १७५८ च्या सुमारास उपकरणे पाहण्यास म्हणून गेला. तेथे एक साधा कारागीर भेटेल अशी त्याची अपेक्षा होती, आणि भेटला तो आपल्याहून अधिक जाणणारा तत्त्वचिंतक, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. रसायनशास्त्र शिकविणारा जोसेफ ब्लॅकही तेथे येऊन बसे. वॅट ह्या विद्यापीठाचा विद्यार्थी नव्हता, अध्यापकही नव्हता. त्याचे नाव कोणत्याही वर्गाच्या हजेरीपटावर नव्हते.

पदार्थविज्ञानाच्या वर्गात दाखविण्यासाठी न्यूकोमेनच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती कॉलेजाकडे होती. ती नीट चालत नसे. लंडनच्या कारागिराकडे पाठवूनही काही उपयोग झाला नव्हता. १७६३ च्या हिवाळ्यात प्राध्यापक जॉन अँडरसन ह्यांनी ती वॅटकडे दिली. सिलिंडरचा व्यास अवघा दोन इंच, दट्ट्याची चाल सहा इंच, खेळणेच म्हणावे. वॅटने ती दुरुस्त केली, तरी चार हेलकावे झाले की बॉयलरमधील वाफ संपे आणि यंत्र थांबे.

न्यूकोमेनच्या यंत्राची रीत अशी होती. सिलिंडरमध्ये वाफ भरावयाची, मग आत थंड पाण्याची चिळकांडी सोडून ती निववावयाची. वाफेचे पाणी झाले की आत पोकळी होते आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने दट्ट्या खाली येतो. म्हणजे दर खेपेस सिलिंडर तापवावयाचा आणि दर खेपेस तोच थंड करावयाचा. पुष्कळशी वाफ हे थंड झालेले लोखंड पुन्हा तापविण्यातच खर्ची पडे. खाणीवरच्या प्रचंड यंत्रातही हा दोष होताच. पण तेथे तो तेवढा जाणवत नसे, आणि दगडी कोळसा खाणीच्या तोंडाशीच पडलेला असल्यामुळे त्याची फिकीरही कोणी करीत नसे. लहान सिलिंडरात पोटाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा, म्हणून दोष इतका वाढला की यंत्र थांबलेच. ज्या उणिवेवर व्यवहारी माणसांनी पन्नास वर्षे काम भागविले, ती वर्गातल्या खेळण्याने उघडी पाडली. आमच्या मते ह्या साऱ्या हकीकतीतील मर्माची जागा ही होय.

वॅटने मोजमाप सुरू केले. थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सुमारे सहापट पाणी उकळीस आणते, हे पाहून तो चकित झाला व ब्लॅककडे गेला. ब्लॅकने अप्रकट उष्म्याचा आपला सिद्धांत त्यास समजावून दिला. तो त्याने वर्गात शिकविला होता, पण छापलेला नव्हता. येथून पुढे इतिहासकारांत वाद आहे. ब्लॅकच्या सिद्धांतातूनच वॅटचा शोध निघाला, असे रॉबिसनने लिहिले, आणि विद्यापीठाच्या अभिमान्यांस ते अर्थातच आवडते. परंतु खुद्द वॅटने वृद्धपणी ते नाकारले. विचार व प्रयोग कसे करावे हे आपण ब्लॅकच्या सहवासात शिकलो, एवढे ऋण त्याने मोकळ्या मनाने मानले. शोध मात्र त्या सिद्धांतातून निघाला नाही, असे तो म्हणे. आम्हांस वॅटचे म्हणणे खरे वाटते. सिद्धांताने त्याच्या मोजमापाचा अर्थ लावून दिला. उपाय त्यातून आपोआप निघत नव्हता.

उपाय सुचला तो १७६५ च्या वसंतात, एका रविवारी दुपारी, शहराच्या हिरवळीवर फिरताना: वाफ सिलिंडरातच न निववता शेजारच्या वेगळ्या पात्रात ओढून घ्यावी व तेथे निववावी, म्हणजे सिलिंडर सदा तापलेलाच राहील. स्कॉटलंडात रविवारी काम करणे निषिद्ध. त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत त्यास हात चोळीत बसावे लागले.

कॉलेजाच्या हिशेबात १७६६ सालची एक नोंद आहे: वाफेचे यंत्र दुरुस्त केल्याबद्दल व त्यात फेरफार केल्याबद्दल जेम्स वॅट ह्यांस पाच पौंड अकरा शिलिंग. ह्या शोधावर विद्यापीठाने रोख खर्च केला म्हणावयाचा तर तो एवढाच, आणि तोही प्रतिकृतीच्या डागडुजीसाठी. मोठे यंत्र उभारण्यास लागणारा पैसा कॉलेजाजवळ नव्हता. ब्लॅकने स्वतःच्या खिशातून उसने दिले. मग जॉन रोबक ह्या कारखानदाराने वॅटचे सुमारे हजार पौंडांचे कर्ज अंगावर घेऊन शोधात दोनतृतीयांश भाग मिळविला; १७६९ साली पेटंट निघाले, आणि रोबकचे १७७३ साली दिवाळे निघाले. तोवर पोटासाठी वॅट कालव्यांच्या मोजण्या करीत हिंडत होता. पुढे बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने तो हिस्सा घेतला. हवाबंद बसेल असा सिलिंडर ग्लासगोत कोणी करू शकत नव्हते. तो जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्याच्या आपल्या नव्या यंत्रावर करून दिला. १७७६ साली वॅटची पहिली यंत्रे कामास लागली. कल्पना सुचल्यापासून अकरा वर्षे! आणि एका श्रेणीच्या मक्तेदारीतून सुटका झालेल्या ह्या माणसाने पार्लमेंटकडून १८०० सालापर्यंत आपली स्वतःची मक्तेदारी वाढवून घेतली व ती मोडू पाहणाऱ्यांवर फिर्यादी केल्या, हेही विसरून चालणार नाही.

ते विद्यापीठ म्हणजे ऋषींचा आश्रम होते असा समज कोणी करून घेऊ नये. अँडरसनचे सहकाऱ्यांशी भांडण इतके विकोपास गेले की १७९६ साली मरताना त्याने आपली सारी मालमत्ता निराळी संस्था काढण्यासाठी ठेवली. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ हे त्या संस्थेचे आजचे रूप. कामकरी लोकांस वर्गात बसू देणारा प्राध्यापक हाच, आणि नादुरुस्त प्रतिकृती वॅटकडे देणाराही हाच. ब्लॅक १७६६ साली एडिंबरोस निघून गेला, वॅट १७७४ साली बर्मिंगहॅमला. त्यांस रोखून धरण्याचा प्रयत्न विद्यापीठाने केल्याचे दिसत नाही. १८०६ साली मात्र त्याने वॅटला डॉक्टर ही पदवी दिली, आणि दोन वर्षांनी वॅटने तेथील विद्यार्थ्यांसाठी एक पारितोषिक ठेवले.

हाय स्ट्रीटवरील ते जुने कॉलेज विद्यापीठाने १८७० साली सोडले. वॅटची खोली आता पाहावयास मिळत नाही. ती दोन इंची सिलिंडरची प्रतिकृती मात्र विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात जपून ठेवली आहे.