उपपैज आणि पानांची मोजदाद : एकविसाच्या खेळाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

पत्त्यांच्या खेळांत गणिताचा शिरकाव कसा झाला हे सांगताना ब्लॅकजॅकच्या, म्हणजे एकविसाच्या खेळाच्या, मुख्य डावाचाच विचार सामान्यतः केला जातो. त्या डावाच्या कडेला लावल्या जाणाऱ्या पैजांना, ज्यांस येथे उपपैजा म्हटले आहे, या इतिहासात तळटीपेपलीकडे स्थान मिळत नाही. वास्तविक पानांच्या मोजदादीमागील तत्त्व निर्भेळ स्वरूपात कोठे पाहावयास मिळत असेल तर ते उपपैजांतच. मुख्य डावात खेळाडूचे निर्णय, वाटणाऱ्याचे ठरीव नियम आणि पानांचा योग यांचे मिश्रण होते. उपपैजेत मात्र प्रश्न एवढाच उरतो की, कॅटात काय शिल्लक आहे?

फासा मागचे दान स्मरत नाही. पत्त्यांच्या कॅटाचे तसे नाही. जे पान एकदा पडले ते पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, आणि म्हणून प्रत्येक वाटपाने पुढील वाटपाची संभाव्यता बदलते. ही गोष्ट जुन्या खेळाडूंना अंदाजाने ठाऊक होतीच. परंतु तिला अंकांचे रूप येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मायझेल व जेम्स मॅक्डर्मट या चौघांनी, अमेरिकी सैन्यातील नोकरीच्या काळात मेजावरच्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून, एकविसाच्या खेळाची उत्तम रीत शोधली आणि १९५६ साली अमेरिकन संख्याशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. त्यांचे कार्य मूलगामी खरे. पण त्यांची रीत प्रामुख्याने पूर्ण कॅट गृहीत धरून आखलेली होती. तो कॅट विरळ होत जाताना काय घडते, हा प्रश्न एडवर्ड थॉर्प यांनी हाती घेतला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अध्यापन करीत असताना त्यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकडून एकेक प्रकारचे पान काढून टाकल्यावर होणारा परिणाम मोजून घेतला. क्लॉड शॅनन यांच्या शिफारशीने हा शोधनिबंध १९६१ च्या जानेवारीत राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात छापला गेला, आणि १९६२ साली 'बीट द डीलर' हा ग्रंथ निघाला.

या ग्रंथातील एक प्रकरण उपपैजेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. वाटणाऱ्याचे उघडे पान एक्का असेल तर खेळाडूस 'विमा' उतरविण्याची मुभा असते. झाकलेले पान दहाच्या मोलाचे, म्हणजे दश्शी, गुलाम, राणी वा राजा, निघाले तर विम्यास दुप्पट मिळते. न निघाले तर विमा बुडतो. नाव विम्याचे असले तरी ही निव्वळ वेगळी पैज आहे. हातातील डावाशी तिचा काही संबंध नाही. एका कॅटाच्या खेळात, एक्का सोडून ५१ पाने अज्ञात असतात व त्यांत दहाच्या मोलाची १६. खेळाडूची अपेक्षा ३२ वजा ३५, भागिले ५१, म्हणजे शेकडा ५.९ तोटा. सहा कॅट एकत्र केले तर हाच तोटा ७.४ वर जातो.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात खेळाडूच्या हाती दोन राजे आहेत आणि समोर एक्का. चांगला डाव सुरक्षित करावा म्हणून सामान्य खेळाडू येथे हमखास विमा उतरवितो. परंतु त्याने स्वतःच दहाची दोन पाने धरून ठेवली आहेत. उरलेल्या ४९ पानांत तशी १४ च आहेत, आणि अपेक्षा उणे एक सप्तमांश, शेकडा १४.३ तोटा, होते. दुसऱ्या प्रसंगी समोरच्या एक्क्यासह दहा पाने दिसली आहेत व त्यांत दहाच्या मोलाचे एकही नाही. अज्ञात ४२ पानांत १६ पाने अनुकूल, २६ प्रतिकूल. अपेक्षा अधिक एक सप्तमांश. पैज तीच, देणेही तेच. पहिल्या वेळी जितके जाते नेमके तितकेच दुसऱ्या वेळी येते. ज्याच्या हाती भिकार डाव आहे त्याला विमा सुचतच नाही, हा मानवी स्वभावाचा भाग सोडून द्यावा. थॉर्प यांनी इतर पानांचे दहाच्या पानांशी गुणोत्तर ठेवण्याची पद्धत सांगितली. पूर्ण कॅटात ते ३६ : १६, म्हणजे २.२५ असते, ते दोनच्या खाली उतरले की विमा लाभाचा ठरतो. एवढी काटेकोर सीमारेषा मुख्य डावात सहसा आढळत नाही.

याहूनही बोधप्रद प्रकरण बाकाराचे. खेळ निराळा असला तरी तत्त्व हेच, आणि उपपैजांवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिण्याजोगे आशयपूर्ण उदाहरण तेथेच प्रथम सापडले. नेवाडातील बाकारा आठ कॅटांनी खेळला जाई. त्यातील दोन मुख्य पैजांवर द्यूतगृहाचा फायदा शेकडा एकाच्या किंचित वर. तर पहिल्या दोन पानांतच नऊ किंवा आठ गुण होतील अशा उपपैजांवर, एकास नऊ असे देणे धरून, अनुक्रमे ५.१ व ५.५. कोणीही व्यवहारी माणूस म्हणेल की, जिंकावयाचे तर कमी तोट्याच्या पैजेकडे वळावे. थॉर्प व विल्यम वॉल्डन यांनी १९६६ च्या निबंधात याच्या नेमके उलट दाखविले. मुख्य पैजांत एखादे पान गेल्याचा परिणाम इतका क्षीण असतो की, मोजदाद करूनही व्यवहारात हाती काही लागत नाही. उपपैज मात्र एका विशिष्ट पानावर फार विसंबते. नऊ गुण बहुधा शून्य मोलाचे पान व नव्वी यांच्या जोडीने होतात. शेवटची ५२ पाने उरली असताना त्यांत १६ शून्यांची पाने, नव्व्या चाराऐवजी सहा, आणि दुर्ऱ्या व सत्त्या प्रत्येकी तीन असतील, तर १३२६ संभाव्य जोड्यांपैकी १५३ अनुकूल ठरतात, आणि पाच टक्क्यांच्या तोट्याऐवजी खेळाडूस पंधरा टक्क्यांहून अधिक लाभ होतो. पुढे या पैजा नेवाडाच्या मेजांवरून उठल्या, यात आश्चर्य नाही.

तोटा किती यापेक्षा तो पानागणिक किती हलतो हे पाहावयाचे असते, ही दृष्टी या निबंधाने दिली. सॅक्रामेंटोचे गणिताध्यापक पीटर ग्रिफिन यांनी १९७९ च्या 'थिअरी ऑफ ब्लॅकजॅक'मध्ये तिला सुव्यवस्थित रूप दिले. १९६३ साली हार्वी डब्नर यांनी मांडलेली उच्च-नीच पद्धत सर्वांत लोकप्रिय. तिच्यात दोन ते सहापर्यंतची पाने अधिक एक आणि दहाची पाने व एक्का उणे एक. मुख्य पैज किती लावावी हे सांगण्यात तिचा सहसंबंध ०.९७, विम्याच्या बाबतीत तो ०.७६ वर घसरतो. कारण उघड आहे. मुख्य डावात एक्का खेळाडूचा मित्र. विम्यात तो दहाचा नसलेल्या इतर कोणत्याही पानासारखाच. एकच मोजदाद दोन्ही कामांना पुरत नाही.

१९८८ साली नेवाडातील टाहो येथे निघालेल्या 'तेरावर-तेराखाली' या उपपैजेने हाच विरोध टोकास नेला. तीत खेळाडूच्या पहिल्या दोन पानांची बेरीज तेराहून अधिक की कमी यावर बरोबरीची पैज. एक्क्याचे मोल एक. नेमके तेरा आले तर दोन्ही बाजू बुडतात. पुष्कळ कॅटांच्या खेळात वरच्या बाजूवर सुमारे साडेसहा टक्के व खालच्या बाजूवर दहा टक्के तोटा. येथे एक्का लहान पानांच्या पंक्तीस जाऊन बसतो, म्हणून उच्च-नीच पद्धत दिशाभूल करते. एक्क्यापासून चारापर्यंतच्या पानांस अधिक एक व दहाच्या पानांस उणे एक अशी निराळी मोजदाद आवश्यक झाली. ती करणाऱ्यास कॅट मोठ्या पानांनी भरला तरी लाभ आणि लहान पानांनी भरला तरी लाभ.

मग द्यूतगृहे बुडाली का नाहीत? एक कारण म्हणजे संधी विरळ. दुसरे, उपपैजांवरील मर्यादा बहुधा लहान. तिसरे कारण ज्ञानाच्या प्रसिद्धीशी निगडित आहे, आणि इतिहासकाराच्या दृष्टीने तेच लक्षणीय. ही विद्या गुप्त राहिली असती तर तिचे मोल टिकले असते. परंतु ती विद्वत्पत्रिकांतून प्रकट झाली, आणि वाचकांत द्यूतगृहांचे चालकही होतेच. १९६४ च्या एप्रिलमध्ये लास व्हेगासच्या चालकांनी मुख्य डावाचेच नियम कडक केले. गिऱ्हाईक रोडावताच काही आठवड्यांत ते मागे घ्यावे लागले. उपपैजेच्या बाबतीत अशी अडचण नव्हती. ती काढून टाकली तरी मेज चालूच राहते.

कायद्याची भूमिका ठिकठिकाणी वेगळी पडली. नुसत्या बुद्धीने पाने मोजणे नेवाडात गुन्हा नाही, पण मोजणाऱ्यास दार दाखविण्याची मुभा आहे. यांत्रिक साधन वापरणे मात्र १९८५ पासून गुन्हा ठरले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली केन उस्टन यांच्या खटल्यात उलट निर्णय दिला : नियंत्रक आयोगाचा तसा नियम नसताना केवळ मोजदादीसाठी खेळाडूस बाहेर काढण्याचा अधिकार द्यूतगृहास नाही. आपल्याकडील एक समांतर गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण (१९६८) या निर्णयात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने रमीस मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, आणि पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात हे त्याचे एक कारण दिले. अमेरिकी चालकाला जे स्मरण धोक्याचे वाटले, तेच येथे खेळाला जुगाराच्या व्याख्येबाहेर काढण्यास साहाय्यभूत झाले.

उपपैजांची संख्या गेल्या काही दशकांत अतोनात वाढली आहे. जोडपानांच्या, एकाच रंगाच्या, राण्यांच्या अशा नाना पैजा निघाल्या. एलियट जेकबसन यांनी २०१५ च्या ग्रंथात अशा अनेक पैजांचा मोजदादीच्या दृष्टीने हिशेब मांडला. त्याचा उपयोग खेळाडूंइतकाच चालकांनाही झाला. काही पैजा दुर्बल ठरल्या, पुष्कळशा मोजणाऱ्याच्या श्रमासही न पुरणाऱ्या निघाल्या. चालकांचे उपाय साधेच आहेत : वरची मर्यादा उतरविणे, पिसणीचे खूणपान कॅटात आधी घालणे, किंवा वाटलेली पाने प्रत्येक डावानंतर अखंड पिसणाऱ्या यंत्रात परत टाकणे. या शेवटच्या उपायाने गेलेली पाने लगोलग पुन्हा येऊ लागतात, आणि मोजण्यासारखे फारसे काही उरत नाही.