वैलावरची ऊब

मागच्या रविवारी सकाळी ताईचा लीड्सहून फोन आला. सकाळ आमची, तिकडे पहाट. छोटीने उठवलं असणार.

"अरे, तू इंजिनिअर ना? मग सांग, खालची फरशी विजेवर तापवून घेऊ का?"

आता मी सॉफ्टवेअरवाला. फरशीचा आणि माझा संबंध ती पुसण्यापुरता, तोही आई रागावली तर. पण घरात एक मुलगा इंजिनिअर झाला की मिक्सरपासून मोबाईलपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडतं, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हटलं, वीकेंडभर वाचतो आणि सांगतो.

प्रश्न तसा साधा नव्हता. गेल्या जानेवारीत आई ताईच्या बाळंतपणाला लीड्सला गेली होती. तिच्या टाचा आणि घोटे आधीच दुखतात. त्यात तिथलं स्वयंपाकघर आणि बाथरूम दोन्ही टाइल्सचं. दोन-दोन मोजे घालून, पायाखाली गोधडीची घडी ठेवून ती पोळ्या लाटायची. येत्या हिवाळ्यात आई-बाबा दोघं चार महिने जाणार आहेत. घराचं काम निघालंय तर तळमजला विजेच्या मॅट घालून गरम करून घ्यावा, असं ताईच्या मनात. कोटेशनही आलेलं. भाऊजी मात्र बिलाचा विचार करून गप्प.

आपण मुंबईकरांनी यावर बोलावं म्हणजे गंमतच! सांताक्रुझला नोंदलेलं आजवरचं सर्वात कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. आपल्याकडे जमीन थंड कशी राहील हे बघतात. शेणाने सारवलेली जमीन, शहाबादी फरशी, मोझॅइक. मे महिन्यात दुपारी उघड्या अंगाने फरशीवर लोळायचं सुख ज्याने घेतलंय त्याला "फरशी गरम करायची" हे वाक्यच विनोदी वाटेल.

पण मग आठवलं की खालून ऊब द्यायची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, त्यावर ओवा, बाळंतशेप टाकायची. सुंभाच्या बाजेतून ऊब वर यायची. आईने लीड्सलाही हा बेत केला होता, पण छतावरच्या स्मोक अलार्मने तो हाणून पाडला. :-)

वाचायला बसलो आणि कळलं की जमीन तापवायचा इतिहास दोन हजार वर्षांपेक्षा जुना आहे. रोमन लोक त्याला हायपोकॉस्ट म्हणत. जमीन बुटक्या खांबांवर उचलून धरायची, बाहेर भट्टी पेटवायची आणि गरम हवा-धूर त्या पोकळीतून फिरवायचा. सार्वजनिक स्नानगृहं अशी तापवत. भट्टीत लाकडं सारायला बहुधा गुलाम असत, त्यामुळे बिलाचा प्रश्न मालकाला पडत नसावा.

कोरियातली पद्धत मला जास्त आवडली. तिचं नाव ओंदोल. स्वयंपाकघरात चूल, पण तिचा धूर सरळ वर न सोडता शेजारच्या खोलीच्या दगडी जमिनीखालून नेऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर काढायचा. म्हणजे भात शिजता शिजता झोपायची खोली गरम. जमिनीसाठी वेगळं जळण लागतंच असं नाही, स्वयंपाकातून उरलेली आच तिला पुरते.

हे वाचताना मला आजीच्या चुलीचा वैल आठवला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुख्य चुलीच्या अंगाला एक दुसरं तोंड असतं, तो वैल. तिथे वेगळी लाकडं घालत नाहीत. चुलीची उरलेली आच तिथे पोचते. चुलीवर भाकरी, वैलावर आमटी किंवा दूध. भाकरीला जाळ लागतो, दुधाला नुसती धग पुरते. आजी शाळेत गेली नव्हती, पण कोणत्या कामाला किती आच लागते हे तिला पक्कं ठाऊक होतं. हा वैल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वीज. तारेतून वीज गेली की तार तापते. किती तापते याचं गणित जेम्स जूलने १८४० च्या सुमारास मांडलं. पण तापूनही न जळणारी, वर्षानुवर्षं टिकणारी तार मिळायला १९०६ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत अल्बर्ट मार्शने निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. तीच ही नायक्रोम. आपली कॉइलची शेगडी, इस्त्री, टोस्टर सगळी तिचीच लेकरं.

या तारा जमिनीखाली घालण्याच्या गोष्टीत एक मोठं नाव भेटतं, आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी तो जपानात असताना बॅरन ओकुरा यांच्या घरी जेवायला गेला. जेवणाच्या खोलीत थंडीने कुडकुडला. नंतर कॉफीसाठी सगळे दुसऱ्या खोलीत गेले आणि तिथे एकदम वसंत ऋतू! ती ओंदोलची "कोरियन खोली" होती. राइट इतका भारावला की त्याने हॉटेलच्या बाथरूमच्या फरशीखाली विजेचे हीटर बसवायला सांगितलं. हॉटेल १९२३ मध्ये पूर्ण झालं. पुढे १९३७ मध्ये मॅडिसन गावी जेकब्स कुटुंबाचं आख्खं घर तापवायचं होतं, तेव्हा मात्र त्याने जमिनीत पाइप घातले. बाथरूमला तारा आणि घराला पाइप. मला हे आधी सहज वाचून पुढे जाण्यासारखं वाटलं होतं. बिलाचं गणित मांडल्यावर परत आठवलं.

कारण खरा प्रश्न तारेचा नाहीच, ती वीज येते कुठून याचा आहे. आणि इथे मला घराबाहेर पडायची गरजच नव्हती. आम्ही ट्रॉम्बेचे. बाबा औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनवर होते. गच्चीतून चिमण्या दिसायच्या.

मुंबईला टाटांची वीज आधी पाण्याची मिळाली. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. (भिऱ्याला पाणी पुरवणाऱ्या मुळशी धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला. तेव्हा "पाण्याची वीज फुकट" असं मी म्हणणार नाही.) शहर वाढलं, पाणी पुरेना, आणि १९५६ मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र सुरू झालं. पुढे १९८४ मध्ये इथेच देशातला पहिला ५०० मेगावॅटचा संच उभा राहिला.

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, "केंद्र समुद्राकाठीच का?" ते म्हणाले होते, "अर्ध्याहून जास्त आच तर खाडीलाच द्यावी लागते ना." तेव्हा वाटलं चेष्टा करताहेत. पण ते अक्षरशः खरं आहे. जळणाची उष्णता शंभर भाग धरली तर अशा केंद्रातून वीज साधारण पस्तीस-अडतीस भाग निघते. थोडी उष्णता चिमणीतून जाते आणि उरलेली बरीचशी कंडेन्सर थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्यात. हा कोणाचा हलगर्जीपणा नाही. वाफ ५४० अंशांची आणि समुद्र ३० अंशांचा असेल तर आदर्श यंत्रालाही त्रेसष्टच्या वर भाग काढता येत नाहीत, हे कार्नोने १८२४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावरूनच निघतं.

आता बघा. आधी उष्णतेची वीज करायची, त्यात दोन तृतीयांश गमवायची, ती शेकडो किलोमीटर तारेतून न्यायची आणि शेवटी तिची पुन्हा उष्णता करायची, ती कशासाठी? तर फरशी २७-२८ अंशांवर ठेवण्यासाठी! आमच्या भाषेत सांगायचं तर मेहनतीने कंपाइल केलेला प्रोग्राम डिकंपाइल करून वाचत बसण्यासारखं. आजीच्या भाषेत, वैलावर होणारं काम मुख्य चुलीवर करणं. हीटरच्या खोक्यावर "१०० टक्के कार्यक्षम" लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण ते मीटरपासून पुढचं असतं.

यावरचा उपायही जुनाच आहे. विल्यम थॉमसनने (म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन) १८५२ मध्येच लिहून ठेवलं होतं की जळण थेट उष्णतेसाठी खर्च करण्यापेक्षा त्याने यंत्र चालवून बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढली तर जास्त ऊब मिळेल. त्यालाच आज आपण हीट पंप म्हणतो. फ्रीज उलटा बसवला असं समजा. एक युनिट विजेत घरात तीनेक युनिट उष्णता येते, आणि जमिनीतल्या पाइपमध्ये ३५ अंशांचं कोमट पाणी फिरवायचं असेल तर हे अगदी छान जमतं.

ब्रिटनने यात एकदा हात पोळून घेतले आहेत. १९६० च्या दशकात तिथे कौन्सिलच्या उंच इमारती धडाधड उभ्या राहत होत्या आणि अनेकांच्या काँक्रीटमध्ये विजेच्या तारा टाकलेल्या होत्या. रात्रीच्या स्वस्त विजेवर लादी तापवायची, ती दिवसभर ऊब देणार. १६ मे १९६८ ला लंडनमधल्या रोनन पॉइंट इमारतीचा एक कोपरा गॅसच्या स्फोटाने कोसळला, चार जण गेले. त्यानंतर अशा अनेक इमारतींतून गॅस काढून टाकला गेला, म्हणजे विजेला पर्यायच उरला नाही. मग १९७३ चं तेलसंकट आलं, विजेचे दर चढले. भाडेकरूंना बिलं झेपेनात, त्यांनी हीटिंग बंद ठेवलं. थंड भिंतींवर ओल धरली, बुरशी आली. सिस्टीम बिघडली नव्हती. ती चालवणं परवडत नव्हतं एवढंच.

मग मी ताईचं गणित मांडलं. मॅट साधारण १५० वॉट प्रति चौरस मीटर. तळमजल्याची ४० चौरस मीटर मोकळी जागा म्हणजे ६ किलोवॅट. थर्मोस्टॅट धरून दिवसाला पाच तास पूर्ण क्षमतेने चालली असं मानू. ३० युनिट. युनिटला २६ पेन्स धरले तर महिन्याला जवळपास २३५ पौंड. उलट बाथरूमची ३ चौरस मीटर, म्हणजे ४५० वॉट. सकाळी एक तास, रात्री एक तास. महिन्याला सात पौंड! २०२४-२५ मध्ये तिकडे विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट होतं, हेही विसरून चालणार नाही.

भाऊजींनी एक चांगला मुद्दा काढला. ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं, आता वाऱ्याची वीज भरपूर, मग तुझ्या ट्रॉम्बेचं गणित इथे लागू होतं का? पूर्ण नाही होत, मान्य. पवनचक्की खाडी तापवत नाही. पण त्याच एका युनिटात हीट पंप तीन युनिट ऊब देत असेल तर मॅट महागच पडते.

तेव्हा ठरलं ते असं. बाथरूममध्ये विजेची मॅट. खाली इन्सुलेशनचे बोर्ड, नाहीतर अर्धी ऊब पाताळात जाते. थर्मोस्टॅटचा सेन्सर फरशीतच, आणि मर्यादा २८ अंश, आईच्या पायांना चटका नको. न हलणाऱ्या कपाटाखाली मॅट नाही. टाइल बसवण्याआधी आणि नंतर तारेचा रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवायचा, कारण नंतर दोष निघाला तर फरशी फोडावी लागते. सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीडी हवाच. स्वयंपाकघरात सध्या ओट्यापुढे एक जाड मॅटिंग, आणि फरशी उघडलीच आहे तर पाइप टाकून ठेवायचे. बॉयलर म्हातारा झालाय, तो गेला की हीट पंप. म्हणजे फिरून राइटसाहेबांच्याच वाटेवर आलो.

शेवटी ट्रॉम्बेची एक गोष्ट सांगायची राहिली. वीज केंद्रापासून जवळच भाभा अणुसंशोधन केंद्र. तिथली सायरस अणुभट्टी १९६० ची, ४० मेगावॅटची. वीज बनवण्यासाठी ती नव्हतीच, सगळी उष्णता समुद्रात जायची. पण २००० नंतरच्या दशकात तिच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करणारा एक छोटा संच जोडला गेला, दिवसाला ३०,००० लिटरचा. दाब कमी केला की पाणी कमी तापमानालाच उकळतं, त्यामुळे उरलेली आच पुरते. २०१० च्या अखेरीस सायरस कायमची बंद झाली. पण काही वर्षं का होईना, ट्रॉम्बेच्या त्या चुलीला वैल होता.

हे सगळं मी फोनवर ताईला सांगत होतो, बाबा शेजारी पेपर वाचत होते. ऐकून म्हणाले, "एवढं गूगल केलंस ते ठीक. पण आईला विचारलंस का तिला काय हवंय?"

विचारलं. ती म्हणाली, "बाथरूमचं तेवढं करा. ओट्यापाशी माझी गोधडी बरी आहे."

असो. तुमच्याकडे वैलाला वैलच म्हणतात की औल? आणि त्यावर काय ठेवायचे? जरूर कळवा.