मतदारसंघ पुनर्रचना म्हणजे काय? म्हसळा तालुक्यात काय बदललं, पुढे काय बदलू शकतं

म्हसळा तालुक्यातल्या खेड्यात राहणारा माणूस पाच वेगवेगळ्या संस्थांचा मतदार असतो: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा. म्हसळा शहरात राहणारा मात्र तीनच ठिकाणी मत देतो, कारण तिथे नगरपंचायत आहे. या प्रत्येक निवडणुकीची हद्द वेगळी आणि ती आखणारं कार्यालयही वेगळं. घर तिथंच, मोहल्ला तोच, पण हद्द सरकली की आपण कोणाकडे काम घेऊन जायचं हे बदलतं. या हद्दी नव्यानं आखण्याला मतदारसंघ पुनर्रचना, म्हणजेच परिसीमन म्हणतात. गावातल्या चर्चेत बहुतेक वेळा ‘वॉर्ड फिरला’ किंवा ‘गट फुटला’ एवढंच कानावर येतं.

२००८ साली काय झालं

लोकसभा आणि विधानसभेच्या सध्याच्या हद्दी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगानं ठरवल्या. आधार होता २००१ ची जनगणना, आणि नव्या हद्दी १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू झाल्या. महाराष्ट्राच्या एकूण जागा तेवढ्याच राहिल्या, लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८. पण राज्याच्या आत त्या इकडून तिकडे गेल्या. जिथं माणसं वाढली तिथं जागा वाढल्या. जिथली माणसं मुंबईला, आखातात, आफ्रिकेत गेली तिथल्या कमी झाल्या.

कोकणाला हा फटका सरळ बसला. रत्नागिरी जिल्ह्याच्या विधानसभेच्या ७ जागांच्या ५ झाल्या, सिंधुदुर्गच्या ४ च्या ३. त्याच वेळी जुन्या ठाणे जिल्ह्याच्या १३ वरून २४ झाल्या. रायगडचा आकडा वरवर पाहता बदलला नाही, आधीही ७ आणि नंतरही ७. पण आत बघा. उत्तरेला, मुंबईच्या बाजूला, उरण हा नवा मतदारसंघ आला आणि दक्षिणेला माणगाव मतदारसंघ नकाशावरून गेला. म्हणजे जिल्ह्याचा हिशेब बरोबर जुळला, पण ग्रामीण दक्षिण रायगडचा एक आमदार कमी झाला. ही गोष्ट त्या वेळी आपल्याकडे हवी तेवढी बोलली गेली नाही, असं आमचं मत आहे.

माणगाव तालुक्याचे दोन भाग झाले, काही गावं महाडकडे गेली, काही श्रीवर्धनकडे. रोहा तालुका तर पेण, अलिबाग आणि श्रीवर्धन अशा तीन मतदारसंघांत वाटला गेला. आजचा श्रीवर्धन मतदारसंघ (क्रमांक १९३) म्हणजे श्रीवर्धन, म्हसळा, तळा हे तीन तालुके आणि त्यांना जोडलेले माणगाव व रोह्याचे काही भाग.

असं का करावं लागलं, तर साधा भागाकार आहे. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांच्या आसपास होती. तिला २८८ ने भागलं की एका मतदारसंघाला सरासरी ३ लाख ३६ हजार माणसं लागतात. म्हसळा, श्रीवर्धन आणि तळा हे तिन्ही तालुके मिळून दोन लाखांच्याही आत. उरलेली माणसं महामार्गाकडच्या पट्ट्यातून घ्यावी लागली. परिणाम असा की साठ हजारांच्या आसपास वस्तीचा म्हसळा तालुका आपल्याच मतदारसंघात पाचव्या हिश्श्यापेक्षाही लहान आहे. उमेदवार कुठला असेल, प्रचाराची मोठी सभा कुठं होईल, आमदार निधीतून आधी कुठला रस्ता होईल, या सगळ्यावर या हिश्श्याचा परिणाम होतो. एका पक्षाला किंवा नेत्याला यात दोष देण्यात अर्थ नाही. जिथं मतं जास्त तिथं पाय जास्त वळतात.

थोडं मागं गेलं तर आणखी एक गोष्ट दिसते. जंजिरा संस्थानात मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हा एकच मुलूख होता. सोयरिकी, जमातींचे संबंध, खाडीपलीकडचं येणंजाणं आजही त्याच धाग्यानं चालतं. विधानसभेला मात्र मुरूड अलिबागकडे आहे आणि म्हसळा-श्रीवर्धन एकीकडे.

नेत्यांचं काय झालं

मतदारसंघ गेला की आमदारालाही घर शोधावं लागतं. सुनील तटकरे १९९५ पासून माणगावचे आमदार होते. माणगाव मतदारसंघच उरला नाही, तेव्हा २००९ मध्ये ते श्रीवर्धनमधून उभे राहिले आणि निवडून आले. पुढे २०१४ मध्ये अवधूत तटकरे, २०१९ आणि २०२४ मध्ये आदिती तटकरे इथूनच विधानसभेत गेल्या. सगळ्यांनाच असं जमलं नाही. पलीकडे खेड मतदारसंघ रद्द झाला, तेव्हा तिथले आमदार रामदास कदम गुहागरला गेले. चिपळूणचे भास्कर जाधवही तिथंच आले आणि कदमांचा पराभव झाला.

लोकसभेला तर दोन विद्यमान खासदारच समोरासमोर आले. जुन्या कुलाबा मतदारसंघाचे खासदार होते बॅरिस्टर ए. आर. अंतुले, आपल्या म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. १९६२ साली ते पहिल्यांदा श्रीवर्धनमधून विधानसभेवर गेले, १९८० ते १९८२ मुख्यमंत्री होते, आणि २००९ ला केंद्रात अल्पसंख्याक खात्याचे मंत्री. जुन्या रत्नागिरी मतदारसंघाचे खासदार होते अनंत गीते. पुनर्रचनेत पनवेल, उरण आणि कर्जत हा भाग पिंपरी-चिंचवडसोबत मावळ मतदारसंघात गेला. त्याच्या जागी दक्षिणेकडचा महाड, दापोली, गुहागर हा पट्टा जोडून ‘रायगड’ नावाचा नवा मतदारसंघ झाला. हा पट्टा गीतेंच्या ओळखीचा, तर अंतुलेंच्या हातातून पनवेलचा भाग गेलेला. २००९ मध्ये गीते सुमारे दीड लाख मतांनी जिंकले.

पराभवाचं सगळं खापर हद्दीवर फोडता येणार नाही. त्या वेळच्या आघाड्या होत्या, बंडखोरी होती, वयही होतं. पण पायाखालची निम्मी जमीन बदललेली होती हे नाकारता येत नाही. तेव्हापासून आजपर्यंत या मतदारसंघातून मुस्लिम खासदार झालेला नाही.

नवा लोकसभा मतदारसंघ पेणपासून गुहागरपर्यंत पसरलेला आहे. मध्ये राजपुरीची खाडी, सावित्री, दाभोळची खाडी. एक फायदाही झाला, तोही सांगायला हवा. सावित्रीवरच्या आंबेत-म्हाप्रळ पुलाची दोन टोकं पूर्वी दोन खासदारांकडे होती, आता एकाकडेच आहेत. पुलाबद्दल तक्रार करायची तर एकाच दारात जाता येतं.

आणि हिस्सा लहान असला तरी मताची किंमत लहान नसते. २०१४ ला लोकसभेचा निकाल २,११० मतांनी लागला. त्याच वर्षी श्रीवर्धन विधानसभेचा निकाल ७७ मतांनी लागला. ७७ मतं म्हणजे एखाद्या मोहल्ल्यातली पंधरा-वीस घरं.

गट, गण आणि वॉर्ड

गावातल्या माणसाला खरी झळ बसते ती खालच्या हद्दींची. जिल्हा परिषदेचा एक सदस्य ज्या भागातून निवडून येतो तो गट. त्याचे दोन भाग केले की पंचायत समितीचे दोन गण होतात. मोठ्या निवडणुकांपूर्वी जिल्हाधिकारी या हद्दींचा मसुदा काढतात. क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेला संपतात आणि एक ग्रामपंचायत दोन गणांत फोडायची नाही असा दंडक आहे. मसुद्यावर हरकती मागवल्या जातात, मग अंतिम हद्द ठरते.

ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात, एका वॉर्डातून जास्तीत जास्त तीन. इथं मसुदा तहसीलदारांकडून येतो. गावात मोहल्ला एकीकडे, वाड्या दुसरीकडे, बौद्धवाडी आणि आदिवासीवाडी आणखी लांब अशी वस्ती असते. मोहल्ला एका वॉर्डात राहिला तर तिथला सदस्य हमखास ठरतो. रस्त्याच्या अल्याड-पल्याड दोन वॉर्डांत वाटला गेला तर दोन्हीकडे मतं अपुरी पडू शकतात, किंवा उलट दोन्ही वॉर्डांतल्या उमेदवारांना मोहल्ल्याला विचारावं लागतं. कुठलं बरं, हे प्रत्येक गावात वेगळं. त्यावर आरक्षणाची सोडत येते. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे वॉर्ड आणि सोडत दोन्ही जुळल्याशिवाय कोण उभं राहणार हे सांगता येत नाही.

म्हसळा ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा १७ प्रभाग झाले आणि शहरातले मतदार जिल्हा परिषद व पंचायत समितीच्या यादीतून बाहेर पडले. शहराला मुख्याधिकारी मिळाला, नगरविकासाचा निधी मिळाला. पण रोजगार हमी आणि ग्रामीण घरकुल यांसारख्या खेड्यांसाठीच्या योजना शहरहद्दीत लागू होत नाहीत. शहराच्या कडेच्या, अजून शेतीवर चालणाऱ्या वाडीला हा बदल सगळ्यात जास्त टोचतो.

पुढची जनगणना

राज्यांच्या लोकसभा जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवलेल्या आहेत. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीनं ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरवली गेली. लोकसभा-विधानसभेतलं महिलांचं एक तृतीयांश आरक्षण देणारी २०२३ ची घटनादुरुस्तीही परिसीमनाशीच जोडलेली आहे.

आसाममध्ये २०२३ साली झालेल्या परिसीमनानंतर मुस्लिम मतदारांचा प्रभाव असलेल्या जागा कमी झाल्या, अशी तक्रार विरोधी पक्षांनी केली. सच्चर समितीनंही २००६ च्या अहवालात एक मुद्दा मांडला होता: काही राज्यांत मुस्लिम वस्ती जास्त असलेले मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आणि अनुसूचित जातींची वस्ती जास्त असलेले खुले राहिले. म्हसळ्याकडे असं काही घडलेलं नाही. आपल्याकडचा प्रश्न माणसं मोजण्याचा जास्त आहे.

जनगणनेत माणूस जिथं नेहमी राहतो तिथं मोजला जातो. कुवेत, सौदी, कतारमध्ये नोकरीला असलेला मुलगा म्हसळ्यात मोजला जात नाही, मुंब्र्यात बिऱ्हाड केलेलं कुटुंब मुंब्र्यात मोजलं जातं. घर गावात, कबरस्तान गावात, पण आकडा दुसरीकडे. दर पुनर्रचनेत कोकणाच्या जागा घटतात त्यामागं हेच मोठं कारण आहे. मोजणीच्या दिवसांत जे खरोखर गावात राहतात, म्हणजे म्हातारे आईवडील, सुना, शाळेतली मुलं, त्यातलं कोणी सुटू नये एवढं मात्र आपल्या हातात आहे.

मतदार यादीचं गणित वेगळं. परदेशात असलेला पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतो, पण मत द्यायला त्याला स्वतः केंद्रावर यावं लागतं. गावातल्या नव्या मतदारासाठी नमुना ६, पत्ता किंवा तपशील बदलण्यासाठी नमुना ८. हद्द बदलली की यादीचा भाग क्रमांक आणि मतदान केंद्रही बदलू शकतं, तेव्हा बीएलओकडे नाव तपासून घ्या.

हरकतीची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि मसुद्याचा कागद तहसील कार्यालयाच्या फलकावर लागतो. जमातीच्या एखाद्या तरुणानं तो पाहून नकाशासकट गावच्या ग्रुपवर टाकला तरी पुरतं. हरकत लेखी द्यावी, नदी-ओढा, रस्ता, केंद्रापर्यंतचं अंतर आणि वस्तीचा आकडा लिहावा, पोच घ्यावी. ‘आमचा मोहल्ला फोडला’ एवढंच लिहिलेली हरकत टिकत नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की त्या वॉर्डाच्या केंद्रावर जाता येत नाही, हे मात्र अधिकाऱ्याला ऐकावं लागतं.