‘आगंतुक’ या संज्ञेविषयी : जेर्डनच्या धाविकाचा पुरावा

हिवाळा लागला की अमरावतीजवळील केकतपूर व मालखेड आणि अकोल्याजवळील कापशी या तलावांवर पक्षिनिरीक्षकांची ये-जा वाढते. तुतवार व शेकाट्या यांच्या नित्याच्या थव्यांत एखादा अनोळखी पक्षी उतरल्याची वार्ता आली, तर दूरदूरचे जाणकारही तेथे धाव घेतात. पक्षी ओळखला जातो आणि नोंदीपुढे ‘आगंतुक’ असा शेरा पडतो. म्हणजे वाट चुकून आलेला, येथला नव्हे. हा शेरा पक्ष्याविषयी किती सांगतो आणि पाहणाऱ्याविषयी किती, हे तपासण्यास विदर्भाच्याच दक्षिण टोकावरील एक उदाहरण उपयोगी आहे.

टी. सी. जेर्डन या कंपनी सरकारच्या वैद्याने पूर्व घाटाच्या परिसरात मिळविलेल्या एका धाविकाचे शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइथ याने १८४८ मध्ये केले. हा पक्षी टिटवीच्याच गणातील. मात्र पाणथळ सोडून काटेरी झुडपांत वावरणारा. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड याला तो गोदावरीच्या खोऱ्यात, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या सिरोंच्याजवळ आढळला. १९०० मध्ये अनंतपूरजवळ हॉवर्ड कँपबेल याने त्याची नोंद केली. त्यानंतर ८६ वर्षे त्याचा मागमूस नव्हता व तो नामशेष झाला असे मानले जाई. जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांना कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा गवसला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक, पक्षी निशाचर होता व शोध बहुधा दिवसा होत असे. दुसरी, स्थानिक पारध्यांना तो ठाऊक होता. तेलुगूत त्याला ‘कलिवी कोडी’, म्हणजे करवंदीच्या जाळीतील कोंबडी, असे नावही होते. एकदाच आलेल्या पाहुण्यास लोकभाषा सहसा नाव देत नाही. नाव रूढ होण्यास पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय लागतो. केवळ नोंदींची संख्या मोजली असती, तर सिरोंच्याचा पक्षी आगंतुकच ठरता.

नाव हा अंतिम पुरावा नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. शब्द प्रवास करतात, आणि एका शब्दाखाली अनेक जाती नांदतात. लाल गाठीची व पिवळ्या गाठीची, दोन्ही आपल्याकडे टिटवीच होत. तथापि शोध कोठे व कोणत्या वेळी घ्यावा, याची दिशा नाव दाखवू शकते.

म्हणून वऱ्हाडात पक्ष्यांच्या याद्या करताना अमरावती-अकोल्याकडील फासेपारधी आणि मेळघाटातील कोरकू यांच्या बोलींतील पक्षिनामे स्थळ, काळ व सांगणाऱ्याचे वय यांसह टिपून घेणे अगत्याचे आहे. हे काम भाषाविभागाचे आहे आणि त्यास फार अवधी उरलेला नाही. शिकार सुटली की शिकारीचे शब्दही सुटतात. ते कानी पडण्यापूर्वी ‘आगंतुक’ हा शेरा लिहिणे घाईचे होय.