कमी खर्चात गेमिंग संगणक : लॅमिंग्टन रोड ते धसई

संगणकावरील आधुनिक त्रिमितीय खेळांना कार्यालयीन कामाच्या तुलनेत कितीतरी अधिक क्षमतेचे यंत्र लागते. अशी तयार यंत्रे महाग असल्याने सुटे भाग विकत घेऊन ते जोडण्याचा, म्हणजेच 'असेंबल्ड' संगणकाचा मार्ग मध्यमवर्गीय कुटुंबांनी पूर्वीपासून पत्करला आहे. मात्र या विषयावर मिळणारा बहुतेक सल्ला शहरातील वीज, शहरातील इंटरनेट आणि तासाभरावर असलेला बाजार गृहीत धरून दिलेला असतो. तोच संगणक ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या धसईसारख्या गावी न्यायचा म्हटला, की हिशेब बदलतो. तेथे भागाच्या किमतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, की तो बिघडला तर काय. वर्षभराच्या बचतीतून एकदाच खरेदी करणाऱ्या कुटुंबासाठी स्वस्त संगणक म्हणजे ज्यावर दुसऱ्यांदा पैसे घालावे लागत नाहीत, तो संगणक.

सुट्या भागांचा बाजार

सुट्या भागांतून संगणक जोडता येतो याचे मूळ १९८१ साली आयबीएमने आणलेल्या 'पर्सनल कॉम्प्युटर'मध्ये आहे. त्याची रचना खुली असल्याने इतर कंपन्यांना त्याला जुळणारे भाग बनवता आले. भारताने १९९७ साली माहिती तंत्रज्ञान उत्पादनांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला आणि त्यातील वस्तूंवरील आयात शुल्क २००५पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणले. दिल्लीतील नेहरू प्लेस, बेंगळुरूतील एसपी रोड आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोड या बाजारपेठांची भरभराट याच काळातली.

लॅमिंग्टन रोडला १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव होते. आज त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. बाजारात मात्र जुनेच नाव चालते. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला असलेल्या या रस्त्यावर प्रोसेसरपासून पंख्याच्या स्क्रूपर्यंत सारे काही मिळते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, हे बाहेरगावच्या ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

पैसा पोहोचतो, सेवा पोहोचत नाही

नोटाबंदीनंतर, १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले आणि त्याचे नाव देशभर पोहोचले. आता मोबाइलवरून क्षणात पैसे पाठवता येतात, ऑनलाइन दुकानातून ग्राफिक्स कार्ड मागवता येते. परंतु हमीच्या काळात ते कार्ड बंद पडले, तर ते सेवा केंद्रापर्यंत न्यावे लागते. मुरबाडला रेल्वे नाही. धसईहून एसटीने मुरबाडमार्गे कल्याण, तेथून मध्य रेल्वेने दादर आणि गाडी बदलून ग्रँट रोड, असा हा प्रवास आहे. एका फेरीत पूर्ण दिवस जातो. रोजंदारीवर असलेल्याची एक दिवसाची मजुरी बुडते. भाग तपासणीसाठी ठेवून घेतला, तर फेऱ्या दोन होतात. म्हणून दोनशे-चारशे रुपये वाचवण्यासाठी अनोळखी ब्रँड घेण्याआधी या फेऱ्यांचा खर्च त्या किमतीत मिळवून पाहावा.

आधी खेळ, मग पडदा

अंदाजपत्रकाची सुरुवात प्रोसेसरपासून करणे ही सर्वसाधारण चूक आहे. कोणते खेळ खेळायचे आणि कोणत्या पडद्यावर, हे आधी ठरवावे. पडद्यावरील प्रत्येक ठिपका ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला अनेकदा नव्याने रंगवावा लागतो. १९२० गुणिले १०८० या 'फुल एचडी' पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० वर ते सुमारे ३६.९ लाख होतात आणि 'फोर के' पडद्यावर थेट चौपट. त्यामुळे मर्यादित खर्चात फुल एचडीच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

खेळांचेही तसेच. 'व्हॅलोरंट' (२०२०) आणि 'काउंटर-स्ट्राइक २' (२०२३) हे दोन्ही विनामूल्य खेळ आहेत. त्यांपैकी पहिला साध्या यंत्रावरही चालतो, दुसरा त्यापेक्षा जड आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने तयार केलेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला 'राजी' किंवा दहा वर्षांपूर्वीचे गाजलेले खेळ यांसाठीही महागडे कार्ड लागत नाही. अगदी नवे, भव्य खेळ पूर्ण तपशिलात हवे असतील, तर मात्र अंदाजपत्रक वेगळेच होते.

दोन टप्प्यांची योजना

एकरकमी पैसा नसेल, तर संगणक दोन टप्प्यांत घेता येतो. पहिल्या टप्प्यात अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. एएमडीचा २०२१ साली आलेला सहा कोअरचा रायझन ५ ५६००जी हे याचे परिचित उदाहरण. त्यावर हलके खेळ खेळता येतात आणि अभ्यास, प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ ही कामे तर सहज होतात. अंगभूत ग्राफिक्स संगणकाचीच रॅम वापरत असल्याने १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या एकाच वेळी काम करतात आणि खेळांचा वेग स्पष्टपणे वाढतो.

दुसऱ्या टप्प्यात, भाताचे पैसे हाती आल्यावर किंवा बोनस मिळाल्यावर, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवावे. हा टप्पा साधायचा, तर एसएमपीएस पहिल्याच वेळी पुरेसा घेतलेला असावा. ज्यांच्याकडे सुरुवातीलाच कार्डाचे पैसे आहेत, त्यांनी इंटेलच्या आय३-१२१००एफ (२०२२) सारखा साधा प्रोसेसर आणि एएमडी आरएक्स ६६०० (२०२१) सारखे ८ जीबीचे कार्ड अशी जोडी पाहावी. प्रोसेसरच्या नावातील 'एफ' हे अक्षर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसल्याची खूण आहे. कार्डाविना असा संगणक पडद्यावर काहीच दाखवत नाही.

पैशांची विभागणी करताना पडदा वगळून उरलेल्या रकमेपैकी साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के ग्राफिक्स कार्डाला द्यावेत. मदरबोर्ड साधा चालतो, पण डीडीआर४ आणि डीडीआर५ रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत, हे पाहून घ्यावे. साठवणुकीसाठी एसएसडीच घ्यावी. रंगीत दिव्यांचे कॅबिनेट, काचेची बाजू, पाण्याने थंड करणारी यंत्रणा हा खर्च खुशाल टाळावा. किमतींबाबत एक इशारा आवश्यक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरीच्या किमती भडकल्या. तेव्हा त्याआधीच्या यादीतील रॅम आणि एसएसडीच्या किमतींवर विसंबू नये. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी लागतो; दुकानदाराने सांगितलेल्या किमतीत तो धरला आहे की नाही, हे आधीच विचारावे.

वीज : जेथे काटकसर महागात पडते

कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे छापलेले असले, तरी तो तेवढा भार सतत पेलेल याची खात्री नसते. हलका एसएमपीएस जळताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. म्हणून '८० प्लस' प्रमाणित, नामवंत कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. वर दिलेली कार्डाची जोडी खेळताना पडद्यासह साधारणतः ३०० वॅटच्या आत राहते. रोज तीन तास खेळल्यास महिन्याला सुमारे २७ युनिट वीज लागेल.

ग्रामीण वाहिन्यांवर दाब कमी-जास्त होणे आणि पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. त्यामुळे यूपीएस ही चैन नसून अंदाजपत्रकाचाच भाग आहे. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅट देतो. अंगभूत ग्राफिक्सच्या यंत्राला तो पुरतो, कार्ड असलेल्या यंत्रासाठी १ केव्हीएचा घेणे सुरक्षित. त्याचे काम खेळ चालू ठेवण्याचे नसून संगणक नीट बंद करण्याइतका अवधी देण्याचे आहे. घरात इन्व्हर्टर असेल, तर तो 'यूपीएस मोड'वर ठेवावा, कारण दुसऱ्या मोडमध्ये तो वीज बदलायला लावतो तेवढ्या क्षणात संगणक बंद पडतो.

यातील काहीही अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग सदोष आहे असे समजून ते वायरमनकडून तपासून घ्यावे. हे काम संगणक आणण्यापूर्वीच झालेले बरे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकू लागल्या, की संगणकाचा प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवाव्यात. नुसते बटण बंद करून भागत नाही.

ऊन, पाऊस आणि धूळ

कोकणपट्टीच्या या भागात एप्रिल-मेची उष्णता आणि जूननंतरची दमट हवा ही दोन्ही टोके यंत्राला सोसावी लागतात. कॅबिनेट पुढून जाळीदार असावे, पुढे हवा आत घेणारा व मागे ती बाहेर टाकणारा असे किमान दोन पंखे असावेत. संगणक जमिनीवर न ठेवता टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे आणि चुलीच्या धुरापासून दूर ठेवावा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तो चालू ठेवल्यास आतील ओल धरत नाही. मागील मोकळे स्लॉट झाकलेले असावेत; पाली आणि मुंग्या ऊब शोधत आत शिरतात आणि शॉर्टसर्किट घडवतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा, प्लग काढून, मऊ ब्रशने धूळ झाडावी.

जुने यंत्र : संधी आणि सापळा

कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे संगणक हा आणखी स्वस्त पर्याय आहे. इंटेलच्या आठव्या पिढीचा, उदाहरणार्थ सहा कोअरचा आय५-८५००, असलेले यंत्र घेतल्यास त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने ही अट महत्त्वाची आहे. अशा यंत्रांचा एसएमपीएस खास घडणीचा असल्याने तो बदलणे अवघड असते. म्हणून मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच चालणारे कार्ड निवडावे. जीटीएक्स १६५० (२०१९) आणि आरटीएक्स ३०५०ची ६ जीबी आवृत्ती (२०२४) यांची अशी मॉडेल्स मिळतात. कॅबिनेट बारीक असेल, तर कमी उंचीचे कार्ड लागेल.

सापळा दुसरीकडे आहे. 'आय७, १६ जीबी, ग्राफिक्स कार्डसह' अशा जाहिरातींतील आय७ अनेकदा २०११-१२ सालचा, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असतो आणि कार्ड २०१४चे जीटी ७३०. अशा आय७पेक्षा २०२२चा साधा आय३ अधिक वेगवान आहे. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारल्याशिवाय 'आय७' या दोन अक्षरांना किंमत देऊ नये. वापरलेली आरएक्स ५८० सारखी कार्डे घेतानाही सावध राहावे. इथेरियमचे 'मायनिंग' सप्टेंबर २०२२ मध्ये थांबल्यावर वर्षानुवर्षे अहोरात्र चाललेली अशी असंख्य कार्डे बाजारात आली. असे कार्ड निदान अर्धा तास खेळ चालवून, पंखा आणि तापमान पाहूनच घ्यावे.

खेळ गावापर्यंत कसा पोहोचेल?

'काउंटर-स्ट्राइक २'साठी ८५ जीबी जागा लागते. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल योजनेवर तेवढे उतरवायचे, तर सहा आठवडे जातील. फायबरची जोडणी नसेल, तर कल्याण-मुरबाडच्या परिचिताकडे बाह्य डिस्कवर खेळ उतरवून आणता येतो. 'स्टीम'वर फायली अशा प्रकारे नेऊन आपल्या खात्यातून सुरू करण्याची अधिकृत सोय आहे. ऑनलाइन सामन्यांना प्रत्यक्षात डेटा कमी लागतो. त्यांना हवी असते ती स्थिर जोडणी. तिची खात्री नसेल, तर एकट्याने खेळण्याचे खेळच निवडावेत.

जुळणी करणारे अनेक जण विंडोजची नक्कल टाकून देतात. ते बेकायदा आहेच, शिवाय खात्यांच्या चोरीचे दारही आहे. विंडोजचा खर्च नको असेल, तर विनामूल्य लिनक्स वापरता येते. २०१८ साली आलेल्या 'प्रोटॉन'मुळे स्टीमवरील विंडोजचे पुष्कळ खेळ त्यावर चालतात; 'व्हॅलोरंट' मात्र चालत नाही.

दुकान सोडण्यापूर्वी

सर्व भाग शक्यतो एकाच दुकानातून घेऊन तेथेच जोडून घ्यावेत. संगणक चालू करून, एखादा खेळ किंवा चाचणी निदान वीस मिनिटे चालवून पाहावी. जीएसटीच्या पावतीवर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, हमी दुकानाची की कंपनीची हे विचारावे आणि कार्ड, मदरबोर्ड व एसएमपीएसचे खोके हमी संपेपर्यंत जपावेत. एसटीच्या प्रवासात जड ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डला जोडलेले ठेवू नये. स्लॉटला तडा जातो. ते काढून स्वतःच्या खोक्यात न्यावे आणि घरी बसवावे. कसे बसवायचे, हे दुकानातच एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे. गावात बिघाड झाल्यावर रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवणे किंवा सैल वायर ओळखणे एवढे जरी घरातल्या कुणाला जमले, तरी ग्रँट रोडची एखादी फेरी नक्कीच वाचते.