सक्करदऱ्याचे राजे आणि वाईचे पंडित

सणाच्या दिवसांत नातवाला घेऊन सक्करदऱ्याच्या तळ्याकडे गेलो, की भोसल्यांचा विषय निघतोच. परवा तो म्हणाला, "आजोबा, लढाई न होता राज्य जातं का हो?"

जाते, बाळ. आपल्या नागपूरचे तसेच गेले.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. राजघराण्याने यशवंतरावांना दत्तक मानले; तेच दुसरे जानोजी. विधवेने दत्तक घेण्याची आपल्याकडे जुनी रूढी, नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूखा'चा तिला आधार. पण लॉर्ड डलहौसी म्हणाला, वारस नाही. शिवाय १८१८ नंतरचे हे राज्य आम्हीच दिलेले. १८५४ साली ते खालसा झाले. पुढे १८६० साली त्याच जानोजींना इंग्रजांनी 'देऊरचे राजाबहादूर' केले. राज्यापुरता जो वारस नव्हता, तो किताबापुरता वारस ठरला!

मग खरे कोणते? हे कोडे घेऊन मी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'धर्मकोशा'कडे वळलो. न्याय आणि वेदान्त कोळून प्यालेल्या या पंडिताने वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तो संपादिला. व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ साली निघाला. एकेका प्रश्नावरची वचने आणि टीका त्यात शेजारी शेजारी मांडल्या आहेत.

कौटिल्य निवाड्याचे चार पाय सांगतो. धर्म सत्यावर उभा, व्यवहार साक्षीदारांवर, चरित्र लोकांच्या रूढीवर आणि राजशासन राजाच्या आज्ञेवर. यांत पुढचा पाय मागच्यावर मात करतो. वाचून मी खट्टू झालो. मग डलहौसीचे चुकले कोठे?

पण कात्यायन राजाज्ञेलाही वेसण घालतो. न्यायाला, शास्त्राला आणि त्या देशाच्या रीतीला धरून असेल, तेच योग्य राजशासन. या कसोटीवर १८५४ चा हुकूम उतरत नाही. सत्तेला सोयीचे तेवढेच वचन उचलले, तर कोणताही निकाल शास्त्रशुद्ध दिसेल. शास्त्रीबुवांनी गैरसोयीचे वचनही तितक्याच निगुतीने जपले, हे त्यांचे उपकार.

नातवाला एवढेच सांगितले, "राज्य एका कागदाने गेलं. तो कागद खरा की खोटा, हे पाहायला दुसरा कागद कुणीतरी सांभाळावा लागतो."

त्याने विचारले, "मग राज्य परत मिळालं?"

"नाही रे. पण ते न्यायाने गेलं, असं आता कुणाला म्हणता येणार नाही."