चार माणसांनी उचलायची गाडी

वाचकहो, आगमन-शताब्दीच्या या स्मरणिकेत बोटींविषयी आणि उसाच्या मळ्यांविषयी आपण वाचालच. मी रुळांवरच्या एका छोट्या गाडीविषयी लिहिते. तिचे नाव ट्रॉली.

कोकणातली माणसे गिरमिटावर अंगठा उठवून मुंबई बंदरातून मॉरिशसला जात होती, त्याच काळात इकडे बोरघाट फोडला जात होता. १८६१ साली त्या कामावर सुमारे ४२,००० मजूर होते. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली आणि १८६४ मध्ये मॉरिशसमध्येही रेल्वे सुरू झाली.

रूळ टाकले म्हणजे काम संपत नाही. उन्हाने लोखंड वाढते, पावसाने खडी वाहून जाते, चाव्या सैल होतात. म्हणून रोज कोणीतरी मार्ग पाहावा लागतो. गँगमन पायी चालत. साहेब ट्रॉलीवर बसत. चार चाके, त्यावर फळ्या, एक बाक, हाताचा ब्रेक आणि लाल निशाण, एवढीच ही गाडी. ट्रॉलीमन रुळावरून पळत तिला ढकलत आणि वेग आला की मागे उडी मारून बसत. पुढे तिला लहानसे इंजिन बसवले आणि मोटर ट्रॉली झाली. ढकलणे संपले, उचलणे राहिले.

कारण भारतीय रेल्वेच्या नियमात ट्रॉलीची व्याख्याच अशी आहे: चार माणसांना रुळावरून उचलून बाजूला ठेवता येईल ती ट्रॉली, त्याहून जड ती लॉरी. गाडी येताना दिसली की त्या चौघांच्या दंडांवर सगळ्यांचा जीव असे. नियमात त्यांची संख्या आहे, नावे नाहीत.

आज अमेरिकेत हौशी लोक जुन्या मोटर ट्रॉल्या विकत घेऊन सहलीला निघतात. मी राहते त्या कतारमध्ये दोहा मेट्रो २०१९ साली सुरू झाली. तिला चालकही लागत नाही. पण रुळांची निगा माणसांनाच राखावी लागते आणि त्यासाठी आजही माणसे घर सोडून दूर येतात.

आपल्या घरात कोणी पणजोबा गँगमन, मुकादम किंवा ट्रॉलीमन होते का? वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांचे नाव, गाव आणि काम वहीत लिहून ठेवा. मुलांना ते वाचून दाखवा. साहेबांची नावे कागदोपत्री आहेतच. आपल्या माणसांची आपणच लिहायची आहेत.